मिनी जर्मन शेफर्ड, मिनी हस्की, मिनी ऑसी: मोठ्या जाती लहान करणं कितपत बरोबर?

मंजिरी

जुन्या, नावाजलेल्या जातींचे छोटे अवतार हल्ली सगळीकडे दिसतात. मिनी जर्मन शेफर्ड, मिनी हस्की, मिनी गोल्डन रिट्रीव्हर, मिनी ऑसी (म्हणजे छोटा ऑस्ट्रेलियन शेफर्ड). एक बाजू म्हणते, यात वावगं काय? पूडल वेगवेगळ्या आकारांत आहे, श्नाउझर आहे, डॅशहुंड आहे. माणूस कुत्र्याचा आकार हजारो वर्षं बदलत आलाय. दुसरी बाजू म्हणते, ही निव्वळ आजारी पिल्लांची पैदास आहे, कुणी हात लावू नये. ठामपणा दोन्हीकडे भरपूर, तपशील मात्र कुठेच नाही.

मला समजून घ्यायचंय ते असं: आकार कमी करतात म्हणजे प्रत्यक्षात नेमकं काय करतात? जुन्या मान्यताप्राप्त लहान जाती आणि आजच्या 'मिनी' यांच्यात फरक फक्त वर्षांचा आहे, की पद्धतीचाही? 'पूर्ण वाढ झाल्यावर ८ किलो' असं छातीठोकपणे सांगतात ते कशाच्या आधारावर? आणि पिल्लू बघायला गेल्यावर काय विचारायचं, कुठले कागद मागायचे, कशाला हात लावून बघायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मतं चालतील, पण कारणांसकट.

रानवारा

'मिनी' या शब्दातून काहीच कळत नाही. कुत्रा लहान कुठल्या वाटेने झाला, हे विचारायला हवं. वाटा तीन आहेत आणि तिन्हींचे परिणाम अगदी वेगळे.

पहिली वाट, वेतातलं सगळ्यात बारकं पिल्लू निवडायचं, दुसऱ्या वेतातल्या तशाच बारक्याशी त्याचं मीलन करायचं, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचं. कागदावर ही वाट सर्वांत 'शुद्ध' दिसते, कारण बाहेरचं रक्त येत नाही. प्रत्यक्षात सर्वांत वाईट हीच. पिल्लू बारकं राहण्याची बहुतेक कारणं आकाराच्या जनुकांशी निगडित नसतात. गर्भाशयात वारेला रक्तपुरवठा कमी मिळाला, जन्मल्यावर भावंडांनी आचळापासून ढकललं, पोटात जंत झाले, किंवा जन्मजातच हृदयात दोष आहे, यकृताला वळसा घालून रक्त नेणारी चुकीची वाहिनी आहे. यातली पहिली तीन कारणं असतील तर त्या पिल्लाची पुढची पिढी नेहमीच्याच आकाराची होणार, म्हणजे हाती काही लागलं नाही. शेवटची दोन असतील तर आकाराबरोबर रोगही निवडला गेला. यातून तिसरं काही निघतच नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरी वाट, खुजेपणाचं जनुक आत आणायचं. इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून लिहितो. एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत कुत्र्याच्या १८व्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली आहे; ती २००९ साली सापडली. तिच्यामुळे पाय आखूड होतात. अशीच दुसरी जादा प्रत १२व्या गुणसूत्रावर आहे, ती २०१७ साली सापडली. ही पाय थोडे आखूड करतेच, शिवाय मणक्यांमधल्या गाद्या अकाली कडक करते. निरोगी गादीचा गाभा जेलीसारखा मऊ असतो. ही प्रत असलेल्या कुत्र्यात तो वयाच्या पहिल्या वर्षातच कूर्चेसारखा व्हायला लागतो, पुढे त्यात चुना साठतो, आणि मग एखाद्या साध्या उडीनेही गादी फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. मागचे पाय लुळे पडतात ते यामुळे. आणि गादीच्या बाबतीत एक प्रत असली तरी धोका वाढतो, दोन लागत नाहीत.

डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट यांच्यात दोन्ही प्रकार आहेत. बीगल, फ्रेंच बुलडॉग, लहान पूडल यांच्यात १२व्या गुणसूत्रावरचा. केर्न टेरियरसारख्या काही जातींत मुख्यतः १८व्या गुणसूत्रावरचा, त्यामुळे त्यांचे पाय आखूड असूनही गाद्यांचा त्रास तुलनेने कमी. म्हणजे मोठ्या जातीत आखूड पाय आणण्यासाठी कॉर्गी किंवा डॅशहुंड वापरला की पायांबरोबर पाठीचं दुखणंही आत येतं. लांब पाठीचा, जड अंगाचा, आखूड पायांचा शेफर्ड हा मला तरी या सगळ्या प्रकारातला सर्वांत चिंताजनक प्राणी वाटतो.

तिसरी वाट, लहान पण प्रमाणबद्ध जातीशी संकर करून मग मूळ जातीकडे परत यायचं. तिन्हींत शास्त्राला धरून असलेली ही एकच. आयजीएफ-१ या जनुकाचा आकाराशी असलेला संबंध २००७ साली स्पष्ट झाला. त्याचा 'लहान' प्रकार नंतर ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. तेव्हा लहानपण हा मुळात रोग नाही, हे दुसऱ्या बाजूनेही मान्य करायला हवं. पण आयजीएफ-१ एकट्यावर आकार ठरत नाही. आयजीएफ-१आर, जीएचआर, एचएमजीए-२, एसएमएडी-२, एसटीसी-२ अशी बरीच जनुकं मिळून तो ठरवतात.

आता साधा हिशेब बघा. मोठा गुणिले लहान, पहिल्या पिढीतली पिल्लं मधल्या आकाराची आणि बरीचशी सारखी. हे बघून लोक खूश होतात. मग त्यातलीच दोन एकमेकांशी लावली की दुसऱ्या पिढीत आकार विखुरतो. फक्त तीन जनुकं धरली, तरी तिन्हींच्या दोन्ही प्रती 'लहान' असलेलं पिल्लू ६४ मध्ये १ मिळेल. चार धरली तर २५६ मध्ये १. सहा पिल्लांच्या वेतात त्याची वाट किती बघणार? मग पैदासकार काय करतो, जी एक-दोन बारकी निघाली ती भावंडंच परस्परांत लावतो. सख्ख्या भावंडांच्या मीलनातून अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातल्या मीलनाचं माप, एका फटक्यात २५ टक्के वाढतो, सावत्र भावंडांच्या मीलनातून १२.५ टक्के. बऱ्याच 'मिनी' वंशावळींत पहिल्या चार-पाच पिढ्यांत तीच तीन नावं फिरताना दिसतात ती यामुळेच.

'पूर्ण वाढ ८ किलो' याचं उत्तरही यातच आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीच्या पिल्लाबद्दल असा एक आकडा प्रामाणिकपणे देताच येत नाही. 'आधीच्या वेतातली भावंडं वर्षभरानंतर ७ ते १४ किलो झाली' असं कुणी सांगितलं तर त्या माणसावर मी जास्त विश्वास ठेवीन.

वैद्यराज

रानवारा यांनी जनुकांचं सांगितलं. मी शरीराचं लिहितो, कारण जनुक निर्दोष असलं तरी शरीर लहान होताना सगळे अवयव एकाच मापाने लहान होत नाहीत. अडचण तिथे सुरू होते.

दात. जबडा जेवढा लहान होतो तेवढे दात होत नाहीत. खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ अतिलहान कुत्र्यात हाडाची बरीचशी उंची व्यापते. हिरड्यांचा रोग होऊन तिच्या मुळाभोवतालचं हाड झिजलं, की दाढ काढतानाच काय, नुसत्या धक्क्यानेही जबडा मोडू शकतो. दुधाचे सुळे न पडणं हेही नेहमीचं. पक्के सुळे साधारण पाच ते सहा महिन्यांत येतात. पक्का आणि दुधाचा सुळा शेजारीशेजारी उभे दिसले तर 'पडेल आपोआप' म्हणून थांबू नये, दुधाचा काढून घ्यावा. नाहीतर पक्का वाकडा येतो आणि टाळ्याला टोचत राहतो.

पुढच्या पायाची हाडं. लहान जातींत मनगटाच्या लगेच वर हाड पेन्सिलीएवढं असतं आणि त्या टोकाचा रक्तपुरवठा मोठ्या कुत्र्यांपेक्षा विरळ. सोफ्यावरून किंवा हातातून उडी मारली की नेमकं तिथेच मोडतं. त्यावर नुसतं प्लास्टर घातलं तर सांधायला उशीर होतो, पुष्कळदा सांधतच नाही. प्लेट बसवण्याची शस्त्रक्रियाच बहुधा लागते.

गुडघ्याची वाटी. ती आतल्या बाजूला सरकण्याचे चार दर्जे करतात. पहिल्यात बोटाने ढकलली तर सरकते आणि परत येते, चौथ्यात कायमची बाहेर. कुत्रा चालता चालता एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालतो, ही ठरावीक खूण. पैदाशीच्या जोडीची तपासणी वर्ष पूर्ण झाल्यावर करावी. त्याआधीचा 'ठीक आहे' हा शेरा पुरेसा नाही.

टाळू. माणसाच्या बाळासारखीच पिल्लाचीही टाळू भरून यावी लागते. चिवावासारख्या जातींत ती मोठेपणीही थोडी उघडी राहू शकते, आणि नुसती टाळू उघडी म्हणजे मेंदूत पाणी असं समीकरण नाही. मात्र घुमटासारखं डोकं, बाहेर-खाली वळलेले डोळे, शिकण्यात मंदपणा, एकाच दिशेने गोल फिरणं यांपैकी काही सोबत असेल, तर उघड्या टाळूतून सोनोग्राफी करून बघता येते.

रक्तातली साखर. दीड-दोन किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाजवळ यकृतात साठा फारच थोडा. चारपाच तास उपाशी राहिलं, थंडी लागली, जुलाब झाले की साखर उतरते. पिल्लू आधी सुस्त होतं, मग लटपटतं, मग झटके. तीन महिन्यांपर्यंत दर तीन-चार तासांनी खाणं, रात्रीचं शेवटचं खाणं उशिरा. लक्षण दिसलं तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, ऊब द्यायची आणि दवाखाना गाठायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

प्रसूती. आई जितकी लहान, तितकी पिल्लं कमी. एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं, डोकं अडतं, कळाही नीट सुरू होत नाहीत. गाभण मादीचा ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजलीच पाहिजेत. किती यायची आहेत हे माहीत नसेल तर कुठे थांबायचं हेही कळत नाही. आणि संकर करताना मादी नेहमी मोठ्या जातीची घ्यावी. लहान मादीला मोठा नर देणं हा प्रयोग नसून क्रौर्य आहे.

श्वासनलिका चपटी होणं, भूल देताना अंगाची ऊब झपाट्याने जाणं, या गोष्टी आहेतच. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा वापरा, एवढं तरी प्रत्येकाला करता येण्यासारखं आहे.

हे सगळं १२ किलोच्या 'मिनी'ला लागू नाही, हे स्पष्ट सांगतो. मध्यम आकारात यातलं फार थोडं दिसतं. शिवाय सर्वसाधारणपणे लहान कुत्री मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. माझा आक्षेप खाली, आणखी खाली जाण्याला आहे. जिथे 'मिनी'नंतर 'टॉय' आणि 'टॉय'नंतर 'टीकप' येतं, तिथे.

कात्यायनी

वैद्यराजांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. वर जे लिहिलंय त्यातून 'नवी लहान जात करूच नये' असा निष्कर्ष निघत नाही.

मिनिएचर श्नाउझर घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत मध्यम श्नाउझरचा आफेनपिन्शरशी संकर करून ती घडली आणि १८९९ पासून वेगळी जात म्हणून प्रदर्शनात उतरली. आज ती भक्कम, प्रमाणबद्ध, कामसू जात आहे. तिच्यात रक्तातली चरबी वाढणं, स्वादुपिंडाची सूज, मूतखडे हे आजार दिसतात, पण ते रुळलेल्या मोठ्या जातींमध्येही असतात तसे जातीत उतरलेले दोष आहेत. ते आखूड मापाचे परिणाम नव्हेत.

अगदी अलीकडचं उदाहरण मिनिएचर अमेरिकन शेफर्डचं. १९६०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात लहान चणीचे ऑस्ट्रेलियन शेफर्ड निवडून सुरुवात झाली. घोड्यांच्या रोडिओंबरोबर हिंडणाऱ्या लोकांना प्रवासाला सोयीचा, तरी गुरं वळू शकणारा कुत्रा हवा होता. १९९० मध्ये जातीचा क्लब झाला आणि अमेरिकन केनेल क्लबची (जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची) पूर्ण मान्यता मिळायला २०१५ साल उजाडलं. प्रमाणित उंची नरासाठी १४ ते १८ इंच, मादीसाठी १३ ते १७ इंच. या आकड्यांना खालचीही मर्यादा आहे, हे बघा. १३ इंचांखालची मादी 'अजून गोंडस' ठरत नाही, ती मापात बसत नाही म्हणून बाद होते. माझ्या मते चांगल्या लहान जातीची ओळख पटवणारी एकच खूण निवडायची झाली तर ती ही: लिखित मापाला तळ आहे की नाही. 'टीकप'ला तळ नाही, जितकं लहान तितकं मोलाचं. मिनिएचर अमेरिकन शेफर्डला आहे.

अलास्कन क्ली काईचंही तसंच. लिंडा स्परलिन यांनी १९७०च्या दशकात अलास्कातल्या वासिला इथे हस्कीचा शिपर्की आणि अमेरिकन एस्किमो डॉगशी संकर करून ती उभी केली. युनायटेड केनेल क्लबने १९९७ मध्ये ती मान्य केली. त्यात रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाची कमतरता निघाली. पण तिच्यासाठी डीएनए चाचणी आहे, वाहक (दोषाची एकच प्रत असलेला, स्वतः निरोगी) ओळखता येतो आणि दोन वाहक परस्परांना द्यायचे नाहीत एवढं पाळलं की आजारी पिल्लू जन्मत नाही. दोष निघणं हा गुन्हा नाही. तो लपवणं हा आहे.

आणि 'शुद्ध' मोठ्या जातींचं तरी काय फार बरं चाललंय? २०२१ मध्ये २०० हून अधिक जातींचा डीएनए तपासला तेव्हा सरासरी अंतःप्रजनन सुमारे २५ टक्के निघालं, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या पिल्लाइतकं. दुसऱ्या जातीचं रक्त आत आलं तर ते कमीच होतं. ब्रिटनमध्ये जनुकशास्त्रज्ञ ब्रूस कॅटनॅक यांनी १९९०च्या दशकात बॉक्सरमध्ये जन्मतः आखूड शेपूट आणण्यासाठी चक्क कॉर्गी वापरला. प्रत्येक पिढीत पुन्हा बॉक्सरशी जोडत चौथ्या पिढीला कुत्री दिसायला पुरती बॉक्सर होती आणि केनेल क्लबने त्यांची नोंद केली. संकर म्हटला की जात बुडाली, असं मुळीच नाही.

रानवारा

कात्यायनी, मापाला तळ असावा हा मुद्दा शंभर टक्के पटला. पण बॉक्सरचं उदाहरण इथे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि का नाही ते या चर्चेत महत्त्वाचं आहे.

कॅटनॅक यांना एकच जनुक हवं होतं, तेही प्रभावी, म्हणजे एक प्रत आली तरी परिणाम दाखवणारं. आखूड शेपूट असलेलं पिल्लू जन्मताच डोळ्यांना दिसतं, ते ठेवायचं आणि पुढच्या पिढीत बॉक्सरशी लावायचं. कॉर्गीचे आखूड पायही डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ते झटपट गाळता आले. आकाराचं तसं नाही. पाच-सहा जनुकांचे 'लहान' प्रकार एकाच वेळी टिकवायचे आणि बाकी सगळं मूळ जातीचं परत आणायचं, तर मोठ्या जातीशी प्रत्येक मीलनात यातला एकेक प्रकार निसटण्याची शक्यता निम्मी. पाच प्रकार एकत्र टिकण्याची शक्यता ३२ मध्ये १. त्यामुळे प्रत्येक पिढीत पिल्लांची डीएनए चाचणी करून कुणाकडे काय आलंय ते बघावं लागतं, दोन-तीन वेगळ्या लहान जातींपासून समांतर वंश सुरू करावे लागतात, आणि शेवटी ते वंश एकत्र आणावे लागतात. हे काम वीसपंचवीस मादींचं आणि अनेक कुटुंबांचं आहे. एका घरातल्या दोन मादी आणि एका नरावर ते होत नाही. मिनिएचर अमेरिकन शेफर्डला चाळीसहून जास्त वर्षं लागली ती काही उगाच नाही.

तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं मला मान्य आहेत. आज 'मिनी' म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या मागे तसा आराखडा आहे, हा माझा प्रश्न.

मंजिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. दोन शंका राहिल्यात. मिनी जर्मन शेफर्डचे फोटो बघितले तर मोठेपणीही पिल्लासारखे मऊ केस, कोल्ह्यासारखं तोंड असं दिसतं. हा संकर असतो का? आणि आकार कमी झाला तर व्यायामाची गरजही त्या प्रमाणात कमी होते, असं सांगतात. ते खरं आहे का?

वैद्यराज

पहिल्याचं उत्तर मी देतो. ते वर्णन वाचून आधी संकर मनात येऊच नये, पिट्युटरी ग्रंथीचा (मेंदूखालच्या, वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीचा) खुजेपणा यावा. जर्मन शेफर्डमध्ये एलएचएक्स-३ जनुकातला हा दोष आहे. अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघेही वाहक असतील, दिसायला धडधाकट असतील, तरी चारात एक पिल्लू असं निघू शकतं. पहिले दोन महिने पिल्लू जवळजवळ इतरांसारखंच असतं, मग वाढ मागे पडते. पिल्लाची लव तशीच राहते, राठ केस येत नाहीत, नंतर अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल पडू लागतं. दुधाचे दात पडत नाहीत. वाढीच्या संप्रेरकाबरोबर थायरॉइडही अपुरं, पुढे मूत्रपिंडं निकामी. उपचाराविना असं कुत्रं चार-पाच वर्षांपलीकडे क्वचित जातं.

गालाच्या आतून बोळा फिरवून केलेल्या डीएनए चाचणीत हे कळतं. असं जनावर आधीच घरात असेल तर थायरॉइडची गोळी आणि वाढीच्या संप्रेरकासाठीचे उपचार यांनी बराच फरक पडतो, तेव्हा हातपाय गाळू नयेत. पण 'दुर्मिळ मिनी' म्हणून ते विकणं आणि त्याच्या आईबापांना पुन्हा एकत्र लावणं, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही. लॅब्राडोरमध्येही एक वेगळा, सौम्य प्रकार आहे. पाय आखूड, धड पूर्ण मापाचं. त्याचं जनुक सीओएल-११ए-२, चाचणी उपलब्ध.

खडीसाखर

दुसऱ्या शंकेबद्दल, कारण कुत्री शिकवताना याचा रोज संबंध येतो. आकाराची जनुकं आणि स्वभावाची जनुकं एकत्र बांधलेली नाहीत. १० किलोचा शेफर्ड गुरं वळण्याची ओढ निम्मी घेऊन जन्मत नाही. ओढ तीच, फक्त पावलं आखूड. म्हणून त्याला चालण्याचं अंतर थोडं कमी पुरेल, पण डोक्याला काम तेवढंच लागतं. दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटांचं शिकवणं, वास काढत वस्तू शोधण्याचा खेळ, आणि निदान तासभर मोकळं हिंडणं, हे नसेल तर तो मुलांच्या टाचा धरणार, सावल्यांमागे धावणार, भुंकून घर डोक्यावर घेणार. हस्कीचंही तेच, तो लहान फटीतून पळेल एवढाच फरक. ज्याला शांत लहान कुत्रा हवा आहे त्याने मुळातच शांत असलेली लहान जात घ्यावी. उत्साही जात आखूड करून ती शांत होत नाही.

कात्यायनी

मंजिरी, तपासायचं काय हा तुमचा मूळ प्रश्न मागेच राहिला, तो घेते.

आधी आईबाप दोघेही उभे बघा. सपाट जमिनीवर चारही पाय सरळ, आणि खांद्यापासून जमिनीपर्यंत उंची. नुसत्या वजनावर जाऊ नका, कारण अर्धपोटी ठेवून वजन कमी दाखवता येतं. बरगड्या, पाठीचा कणा आणि मागची हाडं लांबूनच दिसत असतील तर तो 'मिनी' नाही, उपाशी आहे. आजी-आजोबांची मापं आणि आधीच्या वेतातल्या भावंडांची वर्षानंतरची वजनं मागा. 'पहिलंच वेत आहे' हे उत्तर मिळालं तर आकाराबद्दलचा कुठलाही शब्द गृहीत धरू नका.

मग पिल्लाचं वय. पाच आठवड्यांचं पिल्लू आठ आठवड्यांचं सांगून लहान भासवणं ही फार जुनी लबाडी आहे. तोंड उघडून दात मोजा. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे सगळे २८ दात बहुधा आलेले असतात, अतिलहान जातींत थोडे मागेपुढे. पाच आठवड्यांत मागच्या दाढा पुऱ्या दिसत नाहीत. चालही बघा: आठ आठवड्यांचं पिल्लू धावतं, वळतं, भावंडांशी झटापट करतं, पाच आठवड्यांचं अजून डुलत असतं.

डीएनएचे कागद जातीप्रमाणे बदलतात. ऑसीच्या कुळातला असेल तर एमडीआर-१ या जनुकाची चाचणी हवीच, कारण तो दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त मात्रेत दिलं तर जिवावर बेततं. मर्ल (फिकट-गडद चट्ट्यांचा) रंग असेल तर दोन्ही पालक मर्ल नाहीत ना हे बघा. दोन मर्लच्या वेतात चारात एक पिल्लू दुहेरी मर्ल निघतं आणि त्यात बहिरेपण, डोळ्यांचे दोष फार. मिनिएचर बुल टेरियरला डोळ्यातलं भिंग निखळण्याच्या दोषाची चाचणी. आखूड पायांचं काहीही असेल तर १२व्या गुणसूत्रावरच्या प्रती किती, शून्य, एक की दोन, हा आकडा मागा.

रानवारा

या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी. डॅशहुंडमध्ये ती प्रत जवळजवळ सगळ्यांकडेच आहे, त्यामुळे चाचणीने चांगला-वाईट निवडता येत नाही. तिथे पैदाशीच्या जनावरांचे पाठीचे एक्स-रे दोन ते चार वर्षं वयात काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात. जितक्या कमी, तितका वंश बरा. चार वर्षांनंतर काही गाद्यांतला चुना विरघळून दिसेनासा होतो, म्हणून उशिरा काढलेला 'स्वच्छ' एक्स-रे फसवा असू शकतो. कागदावरची तारीख आणि जनावराची जन्मतारीख दोन्ही बघा.

मंजिरी

तारखेचं हे अजिबात लक्षात आलं नसतं. आणखी एकच. बाकी सगळं ठीक आहे, पण पैदासकार म्हणतो 'आमच्या मिनींना चाचण्यांची गरज नाही, संकर आहेत म्हणजे निरोगीच'. यावर काय म्हणायचं?

रानवारा

अप्रभावी दोष फक्त एकाच जातीत असेल तर पहिल्या पिढीत तो दबतो, एवढं खरं. दोन्ही मूळ जातींत असेल तर तेवढंही नाही. गुडघ्याची वाटी सरकणं अनेक लहान जातींत आहे, १२व्या गुणसूत्रावरची प्रत एकाच पालकाकडून आली तरी धोका देते, आणि दुसऱ्या पिढीपासून दबलेले दोष पुन्हा वर येतात. त्याला विचारा, हे पिल्लू कितव्या पिढीतलं आहे आणि दोन्ही मूळ जातींत कुठले दोष ठाऊक आहेत. त्या दोन जातींची नावं आणि त्यांच्या चाचण्या त्याला पटपट सांगता आल्या तर पुढचं बोला.